वाळू राहायला आलेलं गाव

या घराचं पुढचं दार उघडत नाही. त्याला कुलूप नाही, आतून कडीही नाही, पण पलीकडून कंबरभर वाळू दाराला रेलून बसली आहे. मग आत कसं जायचं? खिडकीतून! चौकटीवर बसा, पाय आत सोडा आणि जपून उतरा, कारण पायाखाली फरशी नाही, वाळूचा उतार आहे. सर्रकन घसरत तुम्ही थेट दिवाणखान्यात पोहोचता. समोरच्या भिंतीवर फिकट निळा रंग आहे आणि त्याच्या वरच्या कडेला वेलबुट्टीची पट्टी. रंगवून शंभर वर्षं होऊन गेली, तरी पानं-फुलं मोजता येतील इतकी ती शाबूत आहे. शेजारच्या खोलीचं दार अर्धं उघडं आहे आणि ते तसंच राहणार, कारण वाळूने त्याला धरून ठेवलं आहे. पलीकडे जायचं तर वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं.

या गावाचं नाव कोलमान्सकोप. आफ्रिकेचा नकाशा उघडा आणि अगदी खाली, डाव्या बाजूला नामिबिया हा देश शोधा. त्याच्या अटलांटिक किनाऱ्यावर ल्युडेरिट्झ नावाचं छोटं बंदर आहे. तिथून दहा-बारा किलोमीटर आत, नामिब वाळवंटात हे गाव आहे. जॉनी कोलमन नावाचा एक गाडीवान वाळूच्या वादळात सापडला आणि आपली बैलगाडी इथल्या टेकाडापाशी सोडून निघून गेला, त्याच्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. पुढे इथे शाळा झाली, दवाखाना झाला, नाचगाण्याचं सभागृह झालं, चक्क बर्फाचा कारखानाही झाला. आज यातल्या एकाही घरात कुणी राहत नाही.

गाव वसलं ते हिऱ्यांमुळे. पण ते हिरे या वाळवंटात आणून मांडले कुणी? त्या कामात शेवटचा हात फिरवला वाऱ्याने. आणि आज या घरांमध्ये वाळू भरतोय तोही वाराच. म्हणजे या गावाची गोष्ट सांगायची तर वाऱ्याचीच गोष्ट सांगावी लागते.

पण आधी माणसांबद्दल. साल १९०८. नामिबियावर तेव्हा जर्मनीचं राज्य होतं. ल्युडेरिट्झहून आतल्या भागात जाणारा लोहमार्ग नुकताच टाकला होता आणि त्याच्या रुळांवर सारखी वाळू येऊन बसायची. आज उपसली की उद्या पुन्हा तेवढीच. ती उपसायला मजूर ठेवले होते आणि त्यांच्यावर देखरेख करायला ऑगस्ट श्टाउख नावाचा जर्मन रेल्वे कर्मचारी होता. श्टाउखला दमा होता. कोरडी हवा मानवेल म्हणून तो इकडे आला होता. त्याला दगडगोट्यांचा भारी नाद. त्याने मजुरांना सांगून ठेवलं होतं, काही वेगळा खडा दिसला तर माझ्याकडे आणा.

एप्रिल महिन्यात झकारियास लेवाला नावाच्या मजुराला वाळू उपसताना एक चमकता खडा दिसला. लेवालाने पूर्वी दक्षिण आफ्रिकेत, किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत काम केलं होतं. कच्चा हिरा कसा दिसतो ते त्याला ठाऊक होतं. (कच्चा हिरा दुकानातल्या हिऱ्यासारखा लखलखत नाही बरं का! त्याला पैलू पाडलेले नसतात, त्यामुळे तो साखरेच्या खड्यासारखा साधासुधा दिसतो.) त्याने तो खडा श्टाउखला नेऊन दिला. श्टाउखने आपल्या घड्याळाच्या काचेवर तो ओढला. काचेवर चरा उमटला!

इथे जरा थांबू या. खनिजांचा कठीणपणा मोजायला एक पट्टी आहे. फ्रिडरिश मोस नावाच्या खनिजशास्त्रज्ञाने ती १८१२ साली तयार केली. सगळ्यात मऊ शंखजिरं, त्याला १ गुण. सगळ्यात कठीण हिरा, त्याला १०. ज्याचे गुण जास्त तो कमी गुणवाल्यावर चरा ओढू शकतो. काचेला मिळतात साडेपाचच्या आसपास. म्हणजे हिऱ्याने काचेवर चरा ओढला यात नवल काहीच नाही. पण साधी गारगोटी असते ना, तिला ७ गुण आहेत, तीही काचेवर चरा ओढते! मग श्टाउखच्या हातात गारगोटी नसेल कशावरून? घड्याळाच्या काचेने एवढंच सांगितलं की खडा कठीण आहे. तो हिराच आहे हे नंतर जाणकारांकडून नीट तपासून पक्कं झालं. गारगोटीचे हे ७ गुण लक्षात ठेवा, पुढे ते लागणार आहेत.

श्टाउखने नोकरी सोडली, जमिनीचे हक्क मिळवले आणि थोड्याच काळात तो गडगंज श्रीमंत झाला. लेवालाला मात्र बक्षीस मिळाल्याची नोंद नाही. या गावाच्या गोष्टीत पहिलं नाव लेवालाचं घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. आणि तो लोहमार्ग ज्यांनी घातला त्यांचीही आठवण ठेवायला हवी. १९०४ पासून इथल्या हेरेरो आणि नामा लोकांनी जर्मन राजवटीविरुद्ध उठाव केले होते. ते चिरडताना हजारो माणसं मारली गेली. ल्युडेरिट्झच्या शार्क बेटावर कैद्यांची छावणी होती, तिथे बायका-मुलंही होती. त्यातल्या कैद्यांना या लोहमार्गाच्या कामाला जुंपलं होतं आणि त्यातले कितीतरी जण परत घरी गेलेच नाहीत.

हिरे सापडल्याची बातमी फुटली आणि झुंबड उडाली. सप्टेंबर १९०८ मध्ये सरकारने किनाऱ्यालगतचा शंभरेक किलोमीटर रुंदीचा मोठा पट्टा बंद करून टाकला. परवानगीशिवाय आत पाऊल ठेवायचं नाही! त्या पट्ट्याच्या बऱ्याच भागात आजही परवान्याशिवाय जाता येत नाही.

आणि हिरे शोधायची पद्धत कशी होती माहीत आहे? मजूर एका ओळीत पोटावर पडायचे आणि रांगत रांगत पुढे सरकायचे. डोळे वाळूवर, गळ्यात किंवा हातात डबा. दिसला हिरा की डब्यात टाका. खोदायचं नाही, सुरुंग लावायचे नाहीत. पुढे पोमोना गावाजवळ एका दरीत तर इतके हिरे उघड्यावर पडलेले सापडले की जर्मन लोकांनी तिचं नाव परीकथेची दरी असं ठेवलं. चांदण्यातसुद्धा तिथे हिरे चमकताना दिसायचे, असं सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, हे काहीतरीच! हिरा तर जमिनीत खोल तयार होतो. मग तो वाळूवर पडलेला कसा?

प्रश्न अगदी बरोबर आहे. हिरा म्हणजे कार्बन. पेन्सिलीच्या शिशातही कार्बनच असतो. पण जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, प्रचंड दाबाखाली आणि प्रचंड उष्णतेत कार्बनचे अणू एकमेकांना इतके घट्ट धरतात की त्यांचा हिरा होतो. कितीतरी हिरे शंभर कोटी वर्षांहूनही जुने आहेत. ते वर आले ते एका खास प्रकारच्या ज्वालामुखीतून. खोलवरचा शिलारस वरच्या खडकांमधून वाट फोडत झपाट्याने वर आला आणि येताना हिरे घेऊन आला. त्याच्या वाटेत थिजलेल्या खडकाला किंबर्लाइट म्हणतात, किंबर्ली गावावरून. तिथले हे ज्वालामुखी साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी उसळले. तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर होते.

किंबर्ली आहे दक्षिण आफ्रिकेच्या मध्यात. तिथून कोलमान्सकोप शेकडो किलोमीटर दूर. हिऱ्यांनी हा प्रवास तीन टप्प्यांत केला.

पहिला टप्पा नदीचा. ऊन-पावसाने किंबर्लाइट झिजत गेला, हिरे सुटे झाले आणि ऑरेंज नदी आणि तिच्या उपनद्यांनी ते पश्चिमेकडे वाहून नेले. ऑरेंज लेसोथोच्या डोंगरांत उगम पावते आणि जवळजवळ २,२०० किलोमीटर वाहून अटलांटिक महासागराला मिळते. वाटेत दगडधोंड्यांचा मार खाऊन ज्या हिऱ्यांमध्ये भेगा होत्या, खोट होती, ते फुटले, त्यांचा चुरा झाला. टिकले ते बहुतेक निर्दोष हिरे. म्हणूनच या किनाऱ्यावरच्या हिऱ्यांपैकी फार मोठा हिस्सा दागिन्यांत बसवण्याच्या लायकीचा असतो. खाणीतून थेट काढलेल्या हिऱ्यांचं असं नसतं.

दुसरा टप्पा समुद्राचा. ऑरेंजचं मुख कोलमान्सकोपच्या दक्षिणेला अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. इथल्या लाटा नैऋत्येकडून येतात, म्हणजे किनाऱ्यावर सरळ न आपटता तिरक्या आपटतात. तिरकी लाट खड्याला तिरकं वर ढकलते आणि पाणी मागे फिरताना त्याला सरळ खाली ओढते. पुन्हा तिरकं वर, पुन्हा सरळ खाली. प्रत्येक फेरीत खडा थोडासा उत्तरेला सरकतो. असं लाखो वर्षं चाललं. मोठे हिरे जड, ते मुखाजवळच राहिले. बारीक हिरे लांबवर गेले. तुम्ही मुखापासून उत्तरेला हिरे मोजत निघालात तर त्यांचा आकार कमी कमी होत जाताना दिसेल. मुखाशी सरासरी दीड कॅरटच्या आसपास, ल्युडेरिट्झकडे येईपर्यंत कॅरटच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढे. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. करा बघू हिशोब, पावकिलो भरायला दहाव्या हिश्शाचे किती हिरे लागतील? (बारा हजार पाचशे!)

तिसरा टप्पा वाऱ्याचा, आणि माझा सगळ्यात आवडता. या किनाऱ्याजवळून बेंग्वेला नावाचा थंड सागरी प्रवाह वाहतो. समुद्र थंड, वाळवंट तापलेलं, शिवाय अटलांटिकवर हवेचा कायमचा जास्त दाब. त्यामुळे दक्षिणेकडून सोसाट्याचा वारा येतो, वर्षातले कितीतरी महिने येतो, आणि दुपारी तर त्याला ऊत येतो. शेतकरी खळ्यावर धान्य उफणतात ते पाहिलंय का? सूप उंच धरून धान्य हळूहळू खाली सोडायचं. वारा भुसा उडवून नेतो आणि वजनदार दाणे पायाशी पडतात. वाऱ्याने इथे तेच केलं. पाण्याच्या तुलनेत वाळू २.६५ पट जड असते, हिरा साडेतीन पट. पूर्वी समुद्र जिथवर आत आला होता तिथे वाळू, खडे आणि हिरे एकत्र पडले होते. वाऱ्याने त्यातली हलकी बारीक वाळू उचलून उत्तरेला नेली आणि जाडे खडे आणि हिरे मागे ठेवले. दोन टेकड्यांच्या मधल्या दऱ्यांमध्ये वारा जास्त जोरात वाहतो, म्हणून तिथली उफणणी सगळ्यात चोख झाली. लेवालाचा हिरा आणि ती परीकथेची दरी, दोन्ही या उफणणीतून आलेली.

उघडे हिरे वेचून संपले तसे खड्यांच्या ढिगांतून हिरे निवडायची वेळ आली. तेव्हा माणसांनीही वजनाचीच युक्ती वापरली, फक्त वाऱ्याऐवजी पाणी घेतलं. ती तुम्हाला घरी करता येईल. सायकलच्या दुकानातून दहा-बारा जुने छर्रे मागून आणा. त्याच मापाचे बारीक खडे गोळा करा. दोन्ही एका चाळणीत मिसळा, चाळण पाण्याच्या घमेल्यात बुडवा आणि पाण्यातच हलके हलके वर-खाली करा, पन्नासेक वेळा. मग चाळण पाण्याबाहेर काढून एका जुन्या कापडावर झटक्यात पालथी घाला. छर्रे बहुतेक सगळे वर आलेले दिसतील, कारण चाळणीत ते तळाशी जमले होते. पाणीच का? कारण पाणी प्रत्येक खड्याला थोडं वर उचलून धरतं. हवेत हिरा वाळूच्या सव्वापटीहून थोडा जास्त जड वाटतो. पाण्यात तो जवळजवळ दीडपट जड वाटतो. फरक वाढला की निवडणं सोपं.

१९१२ या एका वर्षात या भागातून दहा लाख कॅरटच्या आसपास हिरे निघाले. म्हणजे जवळपास २०० किलो! जगात त्या वर्षी निघालेल्या हिऱ्यांपैकी साधारण बारा टक्के. एवढा पैसा आला म्हटल्यावर वाळवंटातही थाट सुरू झाला. जर्मन कुटुंबांसाठी जर्मनीतल्यासारखी मोठमोठी घरं बांधली गेली. व्यायामशाळा, बॉल गडगडवून लाकडी खुंट्या पाडायच्या खेळाची खोली, बेकरी, सोडा-लेमनेडचा कारखाना. टेकाडावर पोहण्याचा तलाव होता आणि त्यात समुद्राचं पाणी चढवलेलं असायचं. युरोपातून गायक-वादक येऊन सभागृहात कार्यक्रम करायचे. त्या सभागृहाचा आवाज अजूनही छान घुमतो. मात्र प्यायचं पाणी गावात नव्हतं. सुरुवातीला ते जहाजाने केपटाऊनहून यायचं, हजारेक किलोमीटरवरून.

मला स्वतःला त्या गावातली सगळ्यात भारी जागा वाटते बर्फाचा कारखाना. भर वाळवंटात बर्फ! त्या काळी असे कारखाने बहुधा अमोनिया वायूवर चालत. वायू दाबला की तो तापतो. तो गार करून द्रव केला आणि मग एकदम सैल सोडला की त्याची वाफ होते आणि वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. आजूबाजूला पाण्याचे डबे ठेवले असतील तर त्यांचा बर्फ होतो. प्रत्येक घराला रोज अर्धी लादी बर्फ फुकट मिळायची. गल्लीतून छोटे रूळ गेले होते आणि त्यांवरून चालणाऱ्या छोट्या गाडीने ती घरपोच यायची. लादी कपाटात ठेवायची, तिच्याजवळ दूध-लोणी ठेवायचं. हाच त्यांचा फ्रीज.

पण गावातल्या सगळ्यांना हा थाट नव्हता. तीनशेच्या आसपास जर्मन मोठी माणसं आणि चाळीसेक मुलं, एवढ्यांसाठी तो होता. आणि कामाला होते आठशेच्या आसपास ओव्हाम्बो मजूर, उत्तर नामिबियातून करारावर आणलेले. त्यांना वेगळ्या लांबलचक बराकींमध्ये दाटीवाटीने राहावं लागे. दवाखान्यात क्ष-किरण यंत्र होतं, त्या भागातलं अगदी सुरुवातीचं. ते हाडं तपासायला होतंच, पण मजुरांनी हिरे गिळले आहेत का हे बघायलाही वापरलं जायचं. ज्यांनी रांगत रांगत हिरे वेचले त्यांच्याच पोटात डोकावून बघायचं! मोठ्या घरांतली वेलबुट्टी बघायला सगळे जातात. मजुरांच्या बराकींसमोरही तेवढाच वेळ थांबायला हवं.

मग हे सगळं सोडून लोक का गेले? पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने हा प्रदेश घेतला. युद्धानंतर हिऱ्यांचा धंदा एका नव्या मोठ्या कंपनीकडे गेला. इथले वरवरचे हिरे आटत चालले होते. आणि १९२० नंतरच्या दशकात दक्षिणेला, ऑरेंजच्या मुखाजवळ, किनाऱ्यालगतच्या जुन्या वाळूत कितीतरी मोठे आणि कितीतरी जास्त हिरे सापडले. तुम्हाला आता कळलंच असेल ते तिथे का होते! तिथे हान्स मेरेन्स्की या भूशास्त्रज्ञाच्या एक गोष्ट लक्षात आली. हिरे जिथे जिथे मिळतात तिथे कालवांच्या जुन्या शिंपल्यांचा एक थर आहे. ती कालवं उबदार पाण्यात राहणारी होती, आजच्या थंड समुद्रात ती नाहीत. म्हणजे तो थर फार जुन्या काळचा किनारा होता. मेरेन्स्कीने शिंपल्यांचा माग काढला आणि शिंपल्यांनी त्याला हिरे दाखवले. जमिनीखालचं शोधायला नेहमी यंत्रच लागतं असं नाही!

नदीच्या मुखाशी ओरान्येमुंड हे नवं गाव वसलं. कंपनीचं मुख्य ठाणं तिकडे गेलं आणि कोलमान्सकोपची माणसं एकेक करून निघाली. १९५६ मध्ये शेवटची माणसं गेली. रूळ साफ करणारं कुणी उरलं नाही, अंगणातली वाळू लोटणारं कुणी उरलं नाही.

आता वाऱ्याचा पुढचा खेळ बघा. वाळूचे कण धुळीसारखे हवेत तरंगत नाहीत, ते उड्या मारतात. वाऱ्याने कण उचलला की तो थोडा वर जातो, पुढे झेपावतो आणि खाली आदळतो. आदळताना दुसऱ्या दोन-चार कणांना उडवतो. ते पुढे जाऊन आणखी कणांना उडवतात. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी सहारा वाळवंटात मोटारीने खूप भटकला होता. त्याने मायदेशी परतून वाऱ्याचा बोगदा तयार केला, त्यात वाळू उडवून हे सगळं मोजलं आणि १९४१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आजही वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करणारे ते वाचतात.

बहुतेक कण गुडघ्यापेक्षा फार वर जात नाहीत. मग खिडकीपर्यंत वाळू चढली कशी? आधी भिंतीबाहेर ढीग होतो, ढिगाचा उतार तयार होतो आणि कण त्या उतारावरून उड्या मारत खिडकी गाठतात. आत शिरल्याबरोबर वारा मंदावतो, कारण त्याला पसरायला मोठी खोली मिळते. वारा मंदावला की कण उचलायची त्याची ताकद संपते आणि वाळू तिथेच पडते. आत आलेली वाळू बाहेर न्यायला तितकाच जोरदार वारा आतून सुटायला हवा, आणि तो काही सुटत नाही. खोलीतला ढीग वाढत वाढत एका ठरावीक उतारापर्यंत येतो, साधारण ३३ अंश. त्याहून तो उभा होत नाही. वरून कण पडले की घसरून खाली येतात. वाटीतून बशीत साखर हळूहळू ओता, तिच्या ढिगाचा उतारही असाच एका ठिकाणी अडेल.

काही खिडक्यांत अजून काचा आहेत. जवळ जाऊन बघितलं तर त्यातून पलीकडचं दिसत नाही, काच दुधाळ झाली आहे. बोट फिरवलं तर ती खरखरीत लागते. ही धूळ नाही, पुसून जाणार नाही. वाळूतले बहुतेक कण गारगोटीचे, म्हणजे ७ गुणांचे. काच साडेपाच गुणांची. एकेका कणाने आपटून एकेक बारीक चरा पाडला, वर्षानुवर्षं. श्टाउखने घड्याळाच्या काचेवर जी परीक्षा घेतली, तीच वारा इथल्या प्रत्येक तावदानावर घेतो आहे.

लाकूड मात्र टिकून आहे. दारं, जिने, जमिनीच्या फळ्या. ल्युडेरिट्झला वर्षभरात मिळून जेमतेम पंधरा-वीस मिलिमीटर पाऊस पडतो; मुंबईत जुलैच्या एका तासातही कधीकधी याहून जास्त पडतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते, ती इथे पुरेशी मिळत नाही. लोखंडाचं नशीब तेवढं बरं नाही, कारण समुद्रावरून खारं धुकं येतं आणि त्याने नळ, खाटा, पत्रे गंजून जातात. म्हणजे कोरडं वाळवंट आणि खारा समुद्र शेजारी शेजारी असले की घरात काय टिकेल आणि काय नाही हे असं ठरतं.

माणसं गेली म्हणून घरं अगदीच रिकामी नाहीत. रात्री इथे तपकिरी तरस येतात. अंगावर लांब राठ केस, कान टोकदार, एकटे फिरणारे. किनाऱ्यावरच्या सीलची पिल्लं हे त्यांचं खाणं आणि तिकडे जाता-येता ते या गावातून फिरतात. वाळूवर त्यांचे ठसे उमटतात. विम व्हॅन डेन हीव्हर या छायाचित्रकाराला ते ठसे दिसले आणि त्याने ठरवलं, मोडक्या घरासमोर उभ्या तरसाचा फोटो काढायचाच. आपोआप टिपणारा कॅमेरा लावून वाट बघत बघत दहा वर्षं गेली. शेवटी एका धुक्याच्या रात्री तरस बरोबर चौकटीत आला. २०२५ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत हाच फोटो पहिला आला.

१९८० पासून इथे संग्रहालय आहे. परवाना काढून, वाटाड्याबरोबर गाव बघता येतं. सकाळी जाणं चांगलं, कारण दुपारी वारा चढतो. काही इमारती साफ करून, डागडुजी करून ठेवल्या आहेत. बाकीच्या वाळूवर सोडल्या आहेत. यावर मी बराच विचार केला आहे. वाळू काढली नाही तर भिंती आणि छपरं हळूहळू पडतील. सगळीकडची काढली तर लोक ज्यासाठी इतक्या लांब येतात तेच जाईल. थोडी घरं जपायची आणि थोडी वाऱ्यावर सोडायची हा मार्ग मला पटतो, कारण वाळू घरात कशी शिरते हे डोळ्यांनी बघता येईल अशा जागा जगात फार नाहीत.

नामिबियाचे हिरे संपलेले नाहीत. आता त्यातले बहुतेक समुद्रातून निघतात. खास बांधलेली जहाजं शंभर मीटरहून खोल तळावरची रेती-खडे उपसून वर खेचतात आणि जहाजावरच हिरे वेगळे करतात. ते काम करणारी माणसं काही आठवडे जहाजावर राहतात आणि घरी परततात, त्यामुळे या हिऱ्यांसाठी नवं गाव वसवावं लागलेलं नाही.

नामिबियाला जायला जमेल तेव्हा जमेल, पण कोलमान्सकोपचे भरपूर फोटो मिळतात. एखादा फोटो घ्या आणि त्यातली जमिनीवरची वाळू नीट बघा. तिच्यावर बारीक वळ्या दिसतील. प्रत्येक वळीची एक बाजू लांब आणि सौम्य उताराची असते, दुसरी आखूड आणि उभी. सौम्य बाजू वाऱ्याकडे तोंड करून असते, उभी बाजू आडोशाला. म्हणजे फोटोवरून तुम्ही सांगू शकता की वारा कुठल्या खिडकीतून आला आणि कुठल्या दाराने पुढे गेला. गावाबाहेर चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकड्या आहेत, त्यांची दोन टोकं वारा जिकडे वाहतो तिकडे वळलेली असतात. या टेकड्या सतत पुढे सरकतात, लहान टेकडी मोठीपेक्षा भरभर, म्हणून ल्युडेरिट्झच्या रस्त्यावर आजही यंत्रं सतत वाळू हटवत असतात. अशाच चंद्रकोरी टेकड्या मंगळावरही आहेत. तिथे कुणी माणूस वारा मोजायला उभा राहिलेला नाही, पण मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी टेकड्यांचे फोटो पाठवले आहेत आणि शास्त्रज्ञ कोरीची टोकं कुठे वळली आहेत ते बघून तिथल्या वाऱ्याची दिशा काढतात.